जॉकीचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते? पंधरा वर्षांच्या भाच्याला या व्यवसायात जाऊ द्यावे का?

तुमचा भाचा पंधरा वर्षांचा आहे, त्याचे वजन ४१ किलो आहे, घोड्यांचे त्याला वेड आहे आणि घरातले कोणीही या क्षेत्रात नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझे वडील सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे होते. मी स्वतः पुण्यात आणि मुंबईत एकोणीस वर्षे शर्यतीत घोड्यावर बसलो, आणि माझ्या नावावर तीनशेच्या आसपास विजय आहेत. म्हणजे मी या व्यवसायातला मोठा माणूस कधीच झालो नाही, पण मधल्या फळीतल्या जॉकीचे आयुष्य पूर्ण जगलो आहे, आणि या व्यवसायात येणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्याला तेच येते. म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी त्याचे आजचे वजन मनातून काढून टाका आणि त्याचे पंजे, तळपाय, वडिलांची व मामांची उंची पाहा. हँडिकॅप शर्यतीत सर्व घोड्यांना सारखी संधी मिळावी म्हणून प्रत्येकाला पाठीवर किती वजन वाहायचे ते ठरवून दिले जाते, साधारण ५० ते ६० किलोंच्या दरम्यान. चांगल्या घोड्याला जास्त आणि दुबळ्याला कमी. त्या आकड्यात खोगीरही मोजले जाते. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरून काढता येते, पण जॉकी जड असेल तर त्याला काहीच उपाय नाही. मैलाच्या शर्यतीत एक किलोचा फरक म्हणजे अंदाजे एका घोड्याच्या लांबीचा फरक, असे आमच्याकडे ढोबळमानाने धरतात. शर्यतीचा निकाल पुष्कळदा त्याहूनही कमी अंतराने लागत असल्यामुळे कोणताही ट्रेनर जॉकीचा अर्धा किलोसुद्धा खपवून घेत नाही. भाचा अठराव्या वर्षी पावणेसहा फूट झाला, तर त्याच्या अंगात कितीही गुण असले तरी त्याचा रस्ता बंद झालेला असेल.

माझी उंची ५ फूट ५ इंच. मोकळेपणाने जेवलो तर माझे वजन पंचावन्नच्या वर जायचे आणि मला एक्कावन्नवर राहावे लागायचे. त्या चार किलोंशी मी एकोणीस वर्षे झगडलो. पहाटे चार वाजता उठल्यावर पहिले पाऊल वजनकाट्यावर पडायचे, आणि त्या दिवशी काय खायचे हे काटा ठरवायचा. पुण्याचा मोसम पावसाळ्यात असतो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी अंगात प्लॅस्टिकचा सूट आणि त्यावर स्वेटर घालून मी पावसात धावत असे. त्यानंतर वाफेच्या खोलीत बसायचे, आणि रात्री घसा कोरडा पडला तर बर्फाचा एखादा तुकडा चघळायचा. असे उतरवलेले वजन मुख्यतः पाण्याचे असते. ते दुसऱ्या दिवशी परत चढते, आणि मधल्या काळात हातापायांत गोळे येतात, चिडचिड होते, डोके जड राहते. नेमक्या त्याच अवस्थेत साडेचारशे-पाचशे किलोंच्या जनावरावर बसून ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गर्दीतून वाट काढायची असते. गणपतीत आईने केलेले मोदक मी वर्षानुवर्षे फक्त पाहिले, आणि तिला त्याचे वाटणारे दुःख मला भुकेपेक्षा जास्त जड गेले. तुमच्या बहिणीलाही हे आधी कळायला हवे.

हा त्रास काही आपल्याच देशातला नाही. इंग्लंडमधला फ्रेड आर्चर हा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा जॉकी. सलग तेरा वर्षे तो तिथला चॅम्पियन होता आणि त्याने २,७४८ शर्यती जिंकल्या. तो उंच होता. वजन उतरवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे शरीर झिजवले. पत्नीच्या मृत्यूचे दुःख त्यात मिसळले, आणि १८८६ मध्ये अशाच उपासमारीनंतर आलेल्या तापात त्याने वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी आत्महत्या केली. एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली मानाची शर्यत नऊ वेळा जिंकणारा लेस्टर पिगॉटसुद्धा जॉकीच्या मानाने उंच होता आणि आयुष्यभर अर्धपोटी राहिला; पण त्याला ते पेलले. कोणाला पेलेल हे पंधराव्या वर्षी सांगता येत नाही, आणि म्हणूनच मुलाच्या हाडापेराचा विचार मी पहिल्यांदा करायला सांगतो.

आता कौशल्याविषयी, कारण बाहेरच्या माणसाचा इथे सर्वांत मोठा गैरसमज असतो. जॉकी घोडा पळवतो असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात घोडा पळतोच. जॉकीचे काम त्याला वेळेआधी संपू न देण्याचे असते. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. एवढे अंतर कोणताही घोडा पूर्ण वेगाने कापू शकत नाही. दौडताना घोडा प्रत्येक झेपेला एकच श्वास घेतो. त्याला लगामाशी भांडू दिले तर तो श्वास आणि ताकद दोन्ही तिथेच उधळतो. म्हणून हात शांत ठेवायचे, त्याला एखाद्या घोड्याच्या आडोशाला वाऱ्यापासून वाचवून न्यायचे, आणि आपण वेगाने चाललो आहोत की संथ, याचे घड्याळ स्वतःच्या डोक्यात चालू ठेवायचे. हे घड्याळ सकाळच्या सरावात हजारो वेळा ठरावीक अंतर ठरावीक सेकंदांत कापून तयार होते. दुसरा कोणताही मार्ग मला माहीत नाही.

बसण्याची पद्धतही अशीच समजून घेण्यासारखी आहे. आखूड रिकिबीत पाय मुडपून घोड्याच्या मानेवर ओणवे राहण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने इंग्लंडमध्ये नेली, तेव्हा त्याची टर उडवली गेली. पण शर्यतीच्या वेळा झपाट्याने सुधारल्यावर सर्वांनी तीच उचलली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचे कारण दाखवले: जॉकी आपले गुडघे आणि घोटे स्प्रिंगसारखे वापरून स्वतःला जवळजवळ स्थिर ठेवतो, त्यामुळे घोड्याला त्याचे वजन पेलावे लागले तरी प्रत्येक झेपेबरोबर ते पुढेमागे ढकलावे लागत नाही. दूरचित्रवाणीवर ते सहज दिसते. दुसऱ्या दिवशी मांड्यांना विचारा.

माझी एक चूक सांगतो. एका चांगल्या वंशाच्या मादीवर मी १४०० मीटरच्या शर्यतीत बसलो होतो. शेवटच्या वळणावर ती इतकी सहज चालली होती की मला धीर धरवला नाही, आणि शेवटचे चारशे मीटर उरल्याच्या खुणेपर्यंत थांबायचे सोडून मी तिला आधीच मोकळी सोडली. शेवटच्या पन्नास मीटरांत तिची झेप आखूड होत गेली आणि आम्ही शॉर्ट हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याच्या लांबीपेक्षाही कमी अंतराने, हरलो. ट्रेनर मला एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या शर्यतीत तिच्यावर दुसरा जॉकी होता आणि ती जिंकली. या व्यवसायात शिक्षा अशीच मिळते. जॉकीला घोडा ट्रेनर आणि मालक देतात, आणि पुढच्या वेळी तो दिला नाही तर कारण सांगायला कोणी बांधील नसते.

सुरुवातीला ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी म्हणून एका ट्रेनरच्या हाताखाली राहावे लागते. नवख्या मुलाला अनुभवी जॉकींपुढे संधी मिळावी म्हणून त्याच्या घोड्याला वजनात काही किलोंची सूट मिळते, आणि विजय वाढतील तशी ती घटत जाऊन शेवटी संपते. सूट असेपर्यंत ट्रेनर बोलावतात. ती संपली की तोच मुलगा अव्वल जॉकींच्या बरोबरीने मोजला जातो, आणि माझ्याबरोबरची निम्मी मुले त्याच वर्षी-दोन वर्षांत मागे पडली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही नावे जुने शर्यतशौकीन आजही आदराने घेतात. सूरज नरेडू यांच्यासारख्यांच्या घरातच जॉकींची परंपरा आहे. तुमच्या भाच्याच्या मागे तसे कोणी नसेल, तर त्याचे काम आणि वागणे हीच त्याची ओळख.

उत्पन्नाचे थोडक्यात सांगतो. प्रत्येक शर्यतीचे ठरावीक मानधन असते आणि बक्षिसात जॉकीचा टक्का असतो; पहिल्या दहा-पंधरा जणांचे उत्तम चालते, बाकीच्यांना मोसम संपल्यावर बंगळूर, हैदराबाद असे जिथे घोडा मिळेल तिथे जावे लागते. जॉकीला पैज लावण्यास पूर्ण मनाई आहे. घोडा त्याच्या कुवतीइतका पळवला नाही, दुसऱ्याच्या वाटेत घातला किंवा चाबूक मर्यादेबाहेर वापरला, तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, निलंबित करतात. कोणी ओळखीचा माणूस ‘आज काय वाटते’ एवढेच विचारू लागला तरी त्याच्यापासून दूर राहायला भाच्याला पहिल्या दिवसापासून शिकवावे लागेल.

धोक्याविषयी लपवाछपवी करणार नाही. शर्यत चालू असताना घोड्यांच्या मागोमाग रुग्णवाहिका धावते, याचा अर्थ स्पष्ट आहे. विलक्षण गुणी असा जॉकी कार्ल उमरीगर १९७९ मध्ये महालक्ष्मीवर घोडा पडल्यामुळे कोवळ्या वयात गेला. माझे गळ्याजवळचे हाड (कॉलरबोन) दोनदा मोडले आणि एक मनगट अजून पूर्ण वळत नाही. पुढचा घोडा अडखळला तर मागच्याला सावरायला क्षणही मिळत नाही. तिथे कोणाचे कौशल्य कामी येत नाही.

निवृत्तीनंतर पेसी श्रॉफ यांच्यासारखे लोक ट्रेनर म्हणूनही मोठे झाले. जॉकी म्हणून त्यांनी इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली होती. माझ्यासारखे बरेच जण सकाळच्या सरावात घोडे फिरवतात. मला ते आवडते. पण हातात दुसरे शिक्षण नसेल तर निवड उरत नाही, म्हणून भाच्याची दहावी पूर्ण झाल्याशिवाय काहीही ठरवू नका.

तोपर्यंत एक करा. ओळख काढून त्याला आठवडाभर पहाटे पाच वाजता तबेल्यात पाठवा, आणि घोड्यावर बसवण्याचा आग्रह धरू नका. सईसाबरोबर त्याने लीद काढावी, खरारा करावा, घोड्याचे पाय धुवावेत, आणि गुडघ्याखालचा भाग गरम लागतो का हे हाताने पाहायला शिकावे. आठव्या दिवशी तो स्वतःहून उठला, तर हाडांच्या डॉक्टरांकडून मनगटाचा एक्स-रे काढून त्याची वाढ किती उरली आहे ते विचारा, आणि ती फार नसेल तर मग रेसक्लबच्या कार्यालयात ॲप्रेंटिस भरतीची चौकशी करा.