श्रवणयंत्राची शिट्टी आणि कानातला मोल्ड

प्रश्न : माझ्या आईचे वय ७६ असून ती तीन वर्षांपासून कानामागे लावायचे श्रवणयंत्र वापरते. अलीकडे जेवताना किंवा डोक्यावरून पदर घेतल्यावर यंत्रातून शिट्टी येते. दुकानदाराने आवाज कमी करून दिल्यावर शिट्टी थांबली, परंतु आता तिला आमचे बोलणे नीट समजत नाही. नवे यंत्र घ्यावे का?

उत्तर : इतक्यात नको. आपल्या वर्णनावरून दोष यंत्रापेक्षा कानातल्या मोल्डमध्ये, म्हणजे कानाच्या मापाने बनवून कानात बसवलेल्या तुकड्यामध्ये, असण्याची शक्यता अधिक दिसते. यंत्राने मोठा केलेला आवाज नळीतून मोल्डमार्गे कानात जातो. मोल्ड सैल असेल तर त्यातील काही आवाज फटीतून बाहेर येऊन कानामागच्या मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो, आणि हे चक्र चालू राहिले की शिट्टी वाजते. घास चावताना जबड्याबरोबर कर्णनलिकेचा आकारही किंचित बदलतो, त्यामुळे एरवी जेमतेम बसणारा मोल्ड तेवढ्यापुरता फट सोडतो. फटीतून बाहेर आलेला आवाज पदरावर आदळून मायक्रोफोनकडे परततो.

प्रथम मोल्डचे वरचे टोक कानाच्या वरच्या घडीत नीट सरकवले आहे का ते पाहावे. वयस्कर मंडळींकडून नेमके तेच बाहेर राहते. नंतर यंत्र चालू ठेवून मोल्ड काढावा आणि त्याचे आवाजाचे छिद्र बोटाने घट्ट दाबावे. तरीही शिट्टी येत राहिली, तर नळीला चीर गेली असेल किंवा यंत्राला नळी जोडणारा, कानावर अडकणारा हुक सैल झाला असेल. कडक व पिवळी पडलेली नळी तशीही बदलायलाच हवी, आणि तो खर्च फार नसतो. कानात मळ साचल्यानेही आवाज उलट फिरतो; तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडूनच काढून घ्यावा, घरी काडी घालू नये.

हे सारे ठीक असेल, विशेषतः आईंचे वजन घटले असेल, तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञांकडून) कानाचे नवे माप घेऊन मोल्ड करून घ्यावा. जेवताना शिट्टी येते हे त्यांना आवर्जून सांगावे, म्हणजे तोंड उघडे ठेवून माप घेता येईल. मऊ सिलिकॉनचा मोल्ड सहसा अधिक घट्ट बसतो, मात्र थरथरत्या हातांना तो घालणे अवघड जाते. अशा वेळी मी कडक अ‍ॅक्रिलिकचा मोल्ड सुचवीन.

आवाज कमी करणे हा उपाय नव्हे. शिट्टी बहुधा उंच पट्टीत वाजते, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारखी व्यंजनेही त्याच पट्टीत ओळखू येतात. म्हणून नवा मोल्ड बसवल्यावर, कमी केलेला आवाज श्रवणचाचणीनुसार पुन्हा वाढवून घेतल्याशिवाय तेथून निघू नये.