रोजच्या कामासाठी टिकाऊ घडीचा चाकू घ्यायचा आहे. कोणत्या स्टीलचं पातं सर्वांत चांगलं?

सगळे स्टीलच विचारतात. घडीचा चाकू पात्याने मरत नाही, सांध्याने मरतो. पातं बोथट झालं तर धारेचा दगड आहे. सांधा खिळखिळा झाला की हळहळण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

यावरून माझं एका मित्राशी जुनं भांडण आहे, तेव्हा जरा लांबणार. त्याचा चाकू ‘हलतो’ म्हणून माझ्याकडे आला. महागडं पावडर स्टील (धातूच्या पुडीपासून बनवलेलं), कडकपणा ६१ रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप, आकडा मोठा तेवढं स्टील कडक), पात्यावर ओरखडा नाही. उघडून टोकाजवळ धरून वरखाली दाबला, तर चांगला मिलिमीटरभर खेळ. लॉक लायनर प्रकारचा होता, म्हणजे मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाला टेकू देते. नव्या चाकूत ही पट्टी बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत येते. झिजेल तशी आणखी आत सरकते. पुढची जागा त्यासाठीच सोडलेली असते. याच्या चाकूत ती पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली होती. टी-८ टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर) लावून सांधा खोलला, तर बेअरिंगच्या मोहरीहून बारीक गोळ्या पुठ्ठ्याच्या भुश्शात रुतलेल्या.

त्याच्या मते चाकूच भिकार. माझ्या मते दोष बसल्याबसल्या मनगटाच्या झटक्याने ‘खट्ट’ करण्याच्या सवयीचा. दर झटक्याला पातं थांब्याच्या पिनेवर आपटतं आणि पट्टी बुडावर आदळून जास्तच आत घुसते. वर त्याच चाकूने डब्यांची झाकणं उचकटायची. चाकू म्हणजे पहार नव्हे. उचकटताना टोक तरी तुटतं, नाहीतर सांध्याची खीळ वाकते.

म्हणून सांधा आधी बघा. धुळीत, पुठ्ठ्यात काम असेल तर बेअरिंग नको, फॉस्फर ब्राँझचे वॉशर असलेला घ्या. सुरुवातीला जड चालतो, वापरून मऊ होतो. घ्यायच्या आधी पातं उघडून टोकाशी धरा आणि डावीउजवीकडे हलवा, मग वरखाली. आडवा खेळ खिळीचा स्क्रू किंचित आवळून जातो. उभा खेळ लॉकचा, तो आवळून जात नाही, तसा चाकू परत ठेवा. बोटं पात्याच्या वाटेतून काढून पाठीवर लाकडाने हलकेच ठोका. लॉक सुटला तर विषय संपला. स्क्रू आपोआप सैल होत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एकच थेंब आट्यांवर, वॉशरला लागू न देता. लाल कायमचा धरतो, तो वापरलात तर पुढे खोलताना स्क्रूचं डोकं घासून बसाल.

बक ११० सारखा पाठीवरचा लॉक (हा चाकू १९६४ पासून बनतोय) दणकट असतो, पण त्याच्या खाचेत खिशातला कचरा दाबून बसतो आणि लॉक अर्धवट लागतो. काडीने खाच साफ ठेवा. ओपिनेल या फ्रेंच चाकूची पातं अडवणारी फिरती कडी १९५५ची. तिच्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. मात्र लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं आत अडकून बसतं. दोरी, खोकी, फळं एवढंच कापायचं असेल तर बिनलॉकचा, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवरचा चाकूही पुरतो. त्याचं टोक भोसकायला वापरू नका, तो बोटांवर मिटतो.

आता तुमचं स्टील. १४सी२८एन किंवा ४२०एचसी ही स्टेनलेस स्टीलं, कडकपणा ५६ ते ६० रॉकवेल. अशी धार फार तर दुमडते, दगडावर दहा मिनिटांत परत येते. त्याहून कडक पात्याची धार खोक्यातल्या स्टेपल पिनेवर पिरगळली की तिचे कण उडतात, आणि मग हिऱ्याची प्लेट घेऊन घासत बसा. डी-२ या स्टीलमध्ये गंज रोखणारं क्रोमियम साधारण १२ टक्के असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळलेल्या कडक कणांत) अडकलेलं असतं, म्हणून ओलाव्यात ते गंजतं. पातं ८ सेंमी, पाठीला अडीच ते तीन मिमी, धारेचा कोन दर बाजूला २० अंश. जाड पाठीचा मोह टाळा, सफरचंद कापलं जात नाही, फाटतं.

डावखुरे असाल तर लायनरचं वरचं सगळं बाजूला ठेवा. तो बहुतेक उजव्या अंगठ्यासाठी बसवलेला असतो. पाठीवरचा लॉक घ्या. लॉक आणि पात्याची लांबी यांवर काही देशांत कायद्याचे निर्बंध आहेत, ते घेण्याआधी बघा.

आणि हो, मित्राच्या त्या पात्याची धार अजून केस उतरवते. ते मी त्याला सांगितलेलं नाही.