‘मस्ट’चा अर्थ आणि मराठीचा आधार

प्रश्न : मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ‘कॅन म्हणजे शकणे, मस्ट म्हणजे पाहिजे’ हा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे, तरीही वाक्यात ही सहायक क्रियापदे हमखास चुकतात. असे का होते?
— एक शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मुलांच्या पाठांतरात खोट नाही, एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द मांडणारा तक्ताच अपुरा आहे. ‘यू मस्ट गो’ या वाक्यात सक्ती आहे, तर ‘ही मस्ट बी ॲट होम’ या वाक्यात बोलणारा अनुमान करतो. तक्त्यावर विसंबलेला विद्यार्थी मात्र दोन्हीकडे हुकूमच वाचतो आणि ‘तो घरीच असणार’ हा साधा अर्थ त्याला सुचत नाही.

खरी अडचण नकारात येते. ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ होकारात जवळपास एकच अर्थ देतात, म्हणून त्यांचे नकारही सारखेच असतील असे मुले धरून चालतात. प्रत्यक्षात ‘मस्ट नॉट’ ही मनाई आहे आणि ‘डोन्ट हॅव टू’ ही मोकळीक. कृष्णेला पूर आला असताना ‘पुलावर जाता कामा नये’ आणि ‘आज शाळेत यायची गरज नाही’ यांतला फरक सांगलीतल्या कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही, आणि माझ्या मते शिकवण्याची सुरुवात याच जाणिवेपासून व्हायला हवी.

भूतकाळात ‘मस्ट’ सक्ती दाखवत नाही. ‘काल मिरजेला जावे लागले’ यासाठी ‘हॅड टू’ लागते, तर ‘मस्ट हॅव गॉन’ म्हणजे ‘गेला असणार’. ‘कुड’चेही असेच आहे : ‘काल शेवटची एसटी पकडता आली’ अशा एकदाच साधलेल्या गोष्टीसाठी ‘वॉज एबल टू’ वापरावे, ती हुकली असेल, तर मात्र ‘कुडन्ट’ चालते.

‘ही कॅन्स’, ‘मस्ट टू गो’ यांसारख्या रूपाच्या चुका सरावाने जातात. त्यांची फार चिंता करू नये.

वर्गात इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारण्याऐवजी मराठीतून प्रसंग द्यावा. ‘पाणी फार वाढले आहे, आयर्विन पूल बंद केला असणार’ हे वाक्य सक्तीचे, मनाईचे, मोकळिकीचे की अंदाजाचे, हे मुलांनी आधी मराठीतच ठरवावे आणि त्यानंतरच इंग्रजी क्रियापद निवडावे.