तीन आठवडे भाजीच्या वाफ्यांकडे फिरकलो नाही, आता नुसतं रान माजलंय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर ऐन उन्हाळ्यात तीन आठवडे जाणंच झालं नाही, तण गुडघ्याला लागतंय, तर सगळं उपटून नव्याने लावावं का? नका उपटू. पहिल्या दिवशी खुरपं घरीच ठेवा. टोपली आणि कात्री घेऊन जा.

हे मी पस्तावून सांगतेय. एकदा अशीच २३ दिवसांनी परतले आणि आल्या आल्या, अकराच्या उन्हात, तणावर तुटून पडले. दोन तासांत वाफे चकाचक. संध्याकाळी बघते तर मिरचीने माना टाकलेल्या. तणाची आणि मिरचीची मुळं एकमेकांत गुंतली होती, तणाबरोबर तीही निम्मी तुटून आली. इतके दिवस तणाच्या सावलीत असलेल्या टोमॅटोंवर उन्हाने पांढुरके, कागदासारखे चट्टे पडले ते वेगळंच. तीन आठवड्यांत गेलं नव्हतं तेवढं मी एका सकाळीत घालवलं.

तर आधी तोडणी. खाण्याजोगं असो वा नसो, जून झालेलं सगळं काढा. भेंडी, चवळी, काकडी या झाडांचा खटाटोप बी तयार करण्यासाठीच चाललेला असतो. दाणे भरले की काम झालं, मग फुलं कशाला? भेंडीच्या एका झाडावर मला वीतभर लांबीच्या सात शेंगा मिळाल्या होत्या, इतक्या लाकडी की कात्री करकरत होती. त्या छाटल्या, पाणी सुरू केलं, आणि दहाव्या दिवशी पुन्हा पिवळी फुलं. बियाणं धरायचं असेल तर एका झाडावर दोन शेंगा राखा, बाकीच्यांचा मोह नको. चवळीच्या वाळक्या शेंगा सोलून दाणे ठेवता येतात. काकडी पिवळी होऊन फुगली असेल तर तिचा उपयोग बियांपुरताच.

इथे एक गोष्ट गांभीर्याने घ्या. पाण्याचा ताण पडला की काकडी, दुधी, दोडका यांच्यात कडू द्रव्य वाढू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. त्यामुळे पुढचे काही दिवस प्रत्येक फळाचा बारीकसा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ टाकून द्या. दुधीचा रस काढण्याआधी तर नक्कीच, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

मग पाणी. वरची माती पार वाळली की ती पाणी धरत नाही. थेंब धुळीत माखून गोट्यांसारखे घरंगळतात आणि सगळं पाणी वाफ्याच्या कडेला जमतं. आपल्याला वाटतं भिजलं. खुरप्याने वीतभर उकरून बघा (हो, घरी ठेवायला मीच सांगितलं, काठीने उकरा), खाली कोरडं ठणठणीत असतं. म्हणून थोडं पाणी द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा द्या, असं तीनदा करा. भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. खोलवर भिजल्यावरच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. कोरड्या मातीवर आधीच घातलंत तर वरून दिलेलं थोडंथोडकं पाणी पाचोळाच पिऊन टाकतो.

तहानलेल्या झाडाला लगेच खत मात्र घालू नका, मुळं भाजतात. आठवडाभर थांबा.

टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग दिसला तर तो बहुधा रोग नसतो. कॅल्शियम जमिनीत असतं, पण पाणी कधी आहे कधी नाही, म्हणून ते फळापर्यंत पोचत नाही. लोक अंड्याची टरफलं घाला म्हणतात. ती कुजायला इतका वेळ घेतात की या हंगामात तरी काही फायदा नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं चांगली येतील. आणि आज पाण्याची कसर एकदम भरून काढलीत तर पिकत आलेले टोमॅटो तडकतील, म्हणून ते आधीच उतरवून घ्या.

आता तण. त्यातलं जे फुलावर किंवा बियांवर आलंय त्याचे फक्त शेंडे कापून पिशवीत भरा, बाकीचं चार दिवस राहिलं तरी आभाळ कोसळत नाही. नंतर, माती ओली असताना, एका वेळी एकच वाफा घ्या. भाजीच्या बुडाजवळचं तण उपटू नका, जमिनीलगत कापा. हरळी आणि लव्हाळा कुदळीने तोडत बसलात तर एकाचे दहा होतील, हरळीची जमिनीखालची खोडं आणि लव्हाळ्याच्या गाठी सावकाश बोटांनी शोधून काढाव्या लागतात. घोळ हे मांसल पानांचं तण, ती उपटून तिथेच टाकली तर ती पडल्या जागी पुन्हा मूळ धरते. फुलावर गेलेली कोथिंबीर तेवढी राहू द्या, तिच्या फुलांवर मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारे कीटक येतात आणि वर धणेही मिळतात. पालक मात्र फुलांचे दांडे आले की कडवट होतो, तो काढून ती जागा मोकळी करा.

पुढच्या वेळी जाताना शेजारच्या वाफेवाल्यांना नुसतं ‘पाणी घाला’ म्हणू नका. मी म्हटलं होतं, त्यांनी बिचाऱ्यांनी रोज शिंपडलं, मी आल्यावर भेंड्यांचं लाकूडच हाती आलं. आता मी सांगते, ‘दिवसाआड या, तोडा आणि घेऊन जा.’ माणूस भाजीसाठी आला की पाणीही घालतोच. गेल्या खेपेला परतले तर कुंपणाला एक पिशवी लटकत होती, आत त्या सकाळीच तोडलेल्या चार कोवळ्या काकड्या.