हिरोशिमाचा निर्णय अभ्यासायला घेताना

'बॉम्ब टाकणं योग्य होतं का' या प्रश्नापासून सुरुवात करू नकोस. आधी कोणी, केव्हा, काय ठरवलं ते तारखांनिशी लिहून काढ. २५ जुलै १९४५ चा लष्करी आदेश तर शब्द न् शब्द वाच. त्यात हिरोशिमा, कोकुरा, निइगाता, नागासाकी ही चार नावं आहेत आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत असंही आहे. म्हणजे नागासाकीसाठी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या नव्या आदेशाची गरजच उरली नव्हती! जपानला शरण येण्याचा इशारा देणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा निघाला तो दुसऱ्या दिवशी. माझ्या परवानगीशिवाय आणखी बॉम्ब नको, असं ट्रुमन यांनी बजावलं १० ऑगस्टला. हा क्रम मला अजूनही अस्वस्थ करतो.

क्योटो यादीतून वगळलं गेलं ते युद्धमंत्री स्टिम्सन यांच्या आग्रहामुळे, हेही नोंदव. जूनमधला फ्रँक अहवाल आणि झिलार्ड यांचा जुलैतला विनंतीअर्ज सोडू नकोस. अणुबॉम्ब प्रकल्पातल्याच शास्त्रज्ञांचा तो विरोध आहे.

जपानच्या शरणागतीचं श्रेय एकट्या बॉम्बला देणारं पुस्तक हाती आलं, तर ९ ऑगस्टला मांचुरियात घुसलेल्या सोव्हिएत फौजांबद्दल त्यात किती पानं आहेत ते आधी बघ. आणि हिबाकुशांच्या, म्हणजे बॉम्बहल्ल्यातून जिवंत राहिलेल्यांच्या, साक्षी शेवटासाठी राखून ठेवू नकोस, कागदपत्रांच्या बरोबरीनेच वाच.