फिजिओथेरपिस्ट लेकीची वेबसाइट: ३५ हजार द्यावेत का?

प्रश्न : मुलीचं बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालं, सहा महिन्यांची इंटर्नशिप पुढल्या महिन्यात संपते. पुण्याला नोकरी मिळत होती, पण तिला दारव्ह्यातच स्वतःचं सेंटर टाकायचं आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांत घरी जाऊनही उपचार करायचे आहेत. एका वेबसाइटवाल्याने ३५ हजार सांगितले. यंदा सोयाबीनने मार खाल्ला आहे. एवढा खर्च करावा का? वेबसाइटने पेशंट येतात का?
— एक पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार भाऊ,

३५ हजार देऊ नका. त्या पैशात ट्रीटमेंट टेबल आणि टेन्स मशीन (विजेच्या सौम्य झटक्यांनी दुखणं कमी करणारं) बघा, ते पहिल्या दिवसापासून कामाला लागेल.

वेबसाइट मात्र हवी. तालुक्याच्या गावात पेशंट येतो तो कुणीतरी सांगितलं म्हणून. हाडाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, नाहीतर शेजारणीचा जाम झालेला खांदा मोकळा झाला. मग त्या पेशंटचा पुण्या-नागपुरातला मुलगा मोबाइलवर तुमच्या मुलीचं नाव शोधतो. शिक्षण, वेळ, फी आणि रस्ता तिथे सापडला की तो बापाला फोन करून सांगतो, ‘उद्या जा’. वेबसाइटने एवढं केलं तरी पुरे. अनोळखी माणसांची रांग तिने लागत नाही.

पण आधी नोंदणी. इंटर्नशिपचा दाखला हाती आला की राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलकडे अर्ज करा. नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत पाटी नको आणि वेबसाइटही नको. मिळाला की तो नावाखालीच लिहायचा. ‘डॉ.’ लावावं की नाही, यावर वाद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ते लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. काहीही ठरवा, पण नावापुढे ‘फिजिओथेरपिस्ट, बीपीटी’ ठळक असू द्या. माणूस हाडाचा डॉक्टर समजून आला, तर पहिल्याच भेटीत विश्वास जातो.

आता पत्ता, म्हणजे डोमेन. डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या, वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर पडतं. पहिल्या वर्षाची स्वस्ताई बघू नका, दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण किती हे आधी वाचा. खातं मुलीच्याच ईमेलवर, तिच्याच मोबाइल नंबरवर उघडायचं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. भाचा किंवा वेबसाइटवाला स्वतःच्या नावाने घेऊन देतो, दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही, मुदत संपते आणि पाटीवर छापलेला पत्ता हातचा जातो. पानं गूगल साइट्सवर फुकट बनतात आणि आपलं डोमेन त्याला जोडता येतं. तिला कोडिंग यायची गरज नाही.

खरी मेहनत मजकुराची आहे, आठ-दहा दिवस त्यालाच द्या. तिला कॉलेजात ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’ शिकवलं, लोक ‘मानेत गॅप’ शोधतात. लकवा, नस दबली, कंबर धरली, टाच दुखते हे शब्द पानावर असायलाच हवेत, शास्त्रीय नाव शेजारी. एक पान कापूस वेचणीवर करा. दिवसभर वाकून कंबर आणि मान का भरून येते, मध्ये किती वेळाने उभं राहून ताठ व्हायचं, आणि पायात मुंग्या येत असतील किंवा लघवीवर ताबा नसेल तर व्यायाम न करता थेट डॉक्टरकडे का जायचं. हे पान दिवाळीच्या आधी तयार हवं. नंतर वाचायला सवड कुणाला?

मग ज्या गोष्टी कुणी लिहीत नाही त्या लिहा. सेंटर तळमजल्यावर आहे की पायऱ्या चढाव्या लागतात, किती? व्हीलचेअर आत येते का? कमोड आहे का? येताना जुने एक्स-रे, एमआरआय, औषधांची चिठ्ठी आणि सैल कपडे आणा. एका वेळची फी किती, खेड्यावर घरी यायचं तर किती, किती किलोमीटरपर्यंत. बाजाराच्या दिवशी वेळ वेगळी असेल तर तीही. रस्ता सांगताना लोकांच्या तोंडची खूण द्या. शकुंतला रेल्वे बंद होऊन वर्षं झाली, तरी ‘शकुंतलेच्या स्टेशनकडून’ म्हटलं की दारव्ह्यात कुणी चुकत नाही.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, मोबाइलच्या मराठी कीबोर्डने होतो. डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात. उद्घाटनाच्या फ्लेक्सचा फोटो टाकून भागवणंही तसंच, शोधणाऱ्याला त्यातली अक्षरं सापडतीलच असं नाही. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आत आणून टाका, नाहीतर खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडायच्या आधी माणूस कंटाळतो. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, बोट लावताच कॉल लागेल असा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबरआधी ९१ हवा, अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको.

‘लकवा हमखास बरा’, ‘शंभर टक्के गॅरंटी’ असलं काही लिहू नका. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत लकवा आणि संधिवात दोन्ही आहेत. तो कायदा मुख्यतः औषधं आणि जादुई उपायांचा, पण दाव्यांपासून लांब राहिलेलं बरं. पेशंटचे आधी-नंतरचे फोटोही नकोत. चेहरा झाकला तरी चालण्यावरून गाव ओळखतं. टाकायचेच असतील तर कुठे वापरणार हे मराठीत लिहून सही घ्या, आणि त्याने काढा म्हटलं की काढा. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये नाव, गाव, फोन एवढंच विचारा. आजार फोनवर विचारता येतो.

गूगल मॅपवरची नोंद फुकट आहे, तीही करा, पण पाटी लागल्यावर. पडताळणीसाठी बहुतेक वेळा सलग, न कापलेला व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी आणि आतली खोली दिसावी लागते. पाटीवर आहे तेच नाव तिथे द्या. ‘बेस्ट फिजिओ दारव्हा’ असं जोडलं तर नोंद बंद पडू शकते. पैसे देऊन स्टार घेऊ नका. कुणी वाईट लिहिलं तर ‘आपण फोन करा’ एवढंच उत्तर, त्याचा आजार तिथे काढायचा नाही.

सगळं झालं की ज्या गावात रेंज कमी येते तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाच्या हातात फोन द्या आणि म्हणा, ‘फी किती ते सांगा, अन् फोन लावून दाखवा’. मुलीने शेजारी गप्प बसायचं. ते जिथे अडतील तेवढंच दुरुस्त करायचं, आणि मगच पत्ता पाटीवर छापायला द्यायचा.