वाचकांचे प्रश्न : यादीत माझा नंबर कितवा?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे घराच्या यादीचेच निघाले. त्यातले तीन घेतलेत, नावं छापत नाही.

प्रश्न : २०१८ च्या सर्व्हेपासनं माझं नाव घरकुलाच्या ड यादीत हाय. ग्रामपंचायतीतल्या कागदावर माझा नंबर ४३ आणि आमच्याच गल्लीतल्या एकीचा ७१. तिच्या घराचा स्लॅब पडला बी आणि मी अजून पत्र्याखालीच. विचारलं की म्हणतात वरनं येतंय. हा वशिला न्हाई तर काय? आणि खरा नंबर बघायचा कुठं? – एक भगिनी, कागल तालुका

उत्तर : ताई, वशिला असेलही, मी काय तुमच्या गल्लीत राहत नाही, पण आधी हे बघा की ४३ हा नंबर कसला आहे. कागदावर डावीकडच्या पहिल्या रकान्यात असतो तो बऱ्याचदा नुसता अनुक्रमांक असतो, म्हणजे ओळ कितवी एवढंच. प्राधान्यक्रम वेगळा, आणि तो सगळ्या गावाचा मिळून एक नसतो, गटागटाचा असतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक, इतर असे गट, आणि टार्गेट, म्हणजे यंदा किती घरं मंजूर करायची तो आकडा, पण तसंच गटवार येतं. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये देशभराच्या टार्गेटपैकी किमान ६० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेलं असतं. त्यामुळं ७१ नंबरवाली तिच्या गटात दुसरी असू शकते आणि तुम्ही तुमच्या गटात तिसाव्या, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. गटाच्या आत परत जो बेघर तो आधी, मग कच्च्या घरात किती खोल्या त्यावर क्रम लागतो.

अजून एक शक्यता आहे जी लोक विसरतातच. तिचं घर कदाचित तुमच्या यादीतलं नसेलच. अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, जमातींसाठी शबरी आवास, ओबीसींसाठी मोदी आवास, या सगळ्यांच्या याद्या वेगळ्या. गल्लीत सगळ्याला ‘घरकुल’च म्हणतात म्हणून भांडण लागतं.

आता बघायचं कुठं. यूट्यूबवर दाखवतात तसं साइटवर जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष टाकून जी यादी निघते ती मंजूर झालेल्यांची. तिथं तुमचं नाव नाही म्हणजे तुमचं नाव कटलं असं नाही, अजून मंजुरी नाही इतकंच. पोरांनी मोबाइलवर ती यादी बघून आईला सांगायचं की तुझं नाव उडालं आणि तिनं रात्रभर जागायचं, हे मी दोन घरांत बघितलंय. ज्यांना अजून मंजुरी नाही त्यांच्यासाठी कागलात पंचायत समितीत जावा, तिथं ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतात, त्यांना सिस्टीममधलं उघडून दाखवा म्हणायचं. मी पात्र दिसतेय का अपात्र, माझ्या गटात माझा क्रम कितवा, आणि यंदा आमच्या गावाला त्या गटाचं टार्गेट किती. एवढं तीनच विचारा, ‘माझं घर कधी होणार’ असं विचारलं की ‘होईल की’ हेच उत्तर येतं.

तोंडी दाद लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. एका अर्जात एकच विषय, आणि १५० शब्दांच्या आत, त्यामुळं गाऱ्हाणं नको, नुसते प्रश्न.

आणि सर्व्हेत तुमच्या घराचा काढलेला फोटो बघा! माझ्या आत्याचं असंच झालेलं. सहा महिने आम्ही एका कचेरीत नंबर कितवा, नंबर कितवा करत होतो. शेवटी तिथल्या एका पोरानं स्क्रीन आमच्याकडं फिरवली, तर सर्व्हेच्या फोटोत आत्याचं मातीचं घर डाव्या कोपऱ्यात जेमतेम दिसतंय आणि मधोमध शेजाऱ्याचा दुमजली बंगला, दारात बुलेट. असल्या बाईला घरकुल कोण देणार. मग ग्रामसभेत विषय घेतला, परत पाहणी झाली, फोटो बदलला. ग्रामसभेत म्हणजे नुसतं उठून बोलायचं नाही, अर्ज द्यायचा आणि ठरावाच्या वहीत नोंद झालीय का ते वाचून बघायचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, बहुतेक गावात या तारखा चुकत नाहीत.

२०२४ च्या नव्या सर्व्हेत अटी थोड्या सैल झाल्यात, मोटारसायकल किंवा फ्रिज आहे म्हणून आता बाद करत नाहीत. पण चारचाकी, घरात महिन्याला १५ हजारांवर कमावणारा कोणी, किंवा अडीच एकर आणि त्यावर बागायत असेल तर नाव बसत नाही. आपल्याकडं उसाचं रान भावाभावांत वाटलेलं असतं पण सातबारा एकाच्याच नावावर, तिथं लोक मार खातात. तुमचं तसं असेल तर ते आधी तलाठ्याकडं बघा.

प्रश्न : म्हाडाच्या पुणे मंडळाच्या लॉटरीत अर्ज केलेला, निकालात प्रतीक्षा यादी क्रमांक ३ आलाय. एक ओळखीचा म्हणतोय ५० हजार दे, वरच्या वर एक नंबर करून देतो. काय करू? – उचगाव

उत्तर : भावा, ५० हजार खिशात ठेव. म्हाडानं एजंट नेमलेले नाहीत, ते दर लॉटरीला जाहीर सांगतात. ड्रॉ कॉम्प्युटरवर निघतो, त्यानंतर नंबर पुढं सरकतो तो पुढच्यानं घर नाकारलं किंवा तो अपात्र ठरला तरच. तुझा तो ओळखीचा फक्त थांबणार, तुझा नंबर आपोआप आला तर म्हणणार मी केलं, नाही आला तर फोन उचलणार नाही.

तीन हा आकडा ऐकायला भारी वाटतो पण तो त्या एका योजनेच्या संकेत क्रमांकात (जाहिरातीत प्रत्येक योजनेला दिलेला नंबर) आणि त्या एका प्रवर्गात तिसरा. तिथं घरं दोनच असतील तर दोघं सुटून परत तिसरं कोणी सुटणार कुठनं? घरं पन्नास असतील तर गोष्ट वेगळी, पन्नासात तिघांचं कर्ज अडकणं काय अवघड नाही. म्हणून आधी जाहिरातीची पुस्तिका काढून तुझ्या प्रवर्गात घरं किती होती ते मोज. आणि एक, पूर्वी आधी लॉटरी आणि मग कागद तपासणी असायची, त्यात पुष्कळ गळायचे आणि प्रतीक्षा यादी भराभर हलायची. जानेवारी २०२३ पासनं कागद आधी तपासून मगच ड्रॉमध्ये घेतात, त्यामुळं गळती कमी, यादी पण हळू. ‘माझ्या मामाला वेटिंग पाचवरनं मिळालेलं’ हे जुन्या काळातलं गणित.

स्टेटस बघायला ज्या मोबाइल नंबरवर रजिस्ट्रेशन केलंय त्याच लॉगिननं जायचं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि नुसतं वाट बघत बसू नको. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे सगळं पुणे मंडळातच येतं, आणि न विकलेली घरं ते ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ म्हणून काढतात, तिथं वेटिंग वगैरे भानगडच नाही. उत्पन्न धरताना नवरा-बायको दोघांचं मिळून धरायचं, आपल्या भागात अत्यल्प गट साडेचार लाखांपर्यंत, अल्प गट साडेसात लाखांपर्यंत. लग्न झालं असेल तर गट बदललेला असू शकतो, चुकीच्या गटात अर्ज गेला की सगळंच बाद.

प्रश्न : २०१७ ला महापालिकेत पीएम आवासचा फॉर्म भरलेला. पावती माळ्यावरच्या ट्रंकेत होती, २०१९ च्या पुरात माळ्यापर्यंत पाणी आलं, सगळं लगदा झालं. आता नंबर कसा काढायचा? – कसबा बावडा

उत्तर : काकू, पावतीवरचा असेसमेंट आयडी, म्हणजे अर्जाचा नंबर, नसला तरी शहरी योजनेच्या साइटवर नाव, वडिलांचं नाव आणि तेव्हाचा मोबाइल नंबर टाकून शोधता येतं. नाव तेव्हा जसं लिहिलं तसंच टाकायचं, एक अक्षर इकडं-तिकडं झालं की सापडत नाही.

पण सापडलं तरी हुरळून जाऊ नका. तो फॉर्म म्हणजे मागणी नोंदवलेली, कोणाकोणाला घर पाहिजे त्याची. ती रांग नव्हती, त्यामुळं त्यात नंबर असा नाहीच. १ सप्टेंबर २०२४ पासनं योजनेचा दुसरा टप्पा, २.० चालू झालाय, जुन्याच्या मागं दिवस घालवण्यापेक्षा त्यात नव्यानं अर्ज करा. देशात कुठंच कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको आणि गेल्या २० वर्षांत कुठल्या सरकारी घरयोजनेचा फायदा घेतलेला नको. उत्पन्न वर्षाला ३ लाखांपर्यंत एक गट, ६ लाखांपर्यंत दुसरा, ९ लाखांपर्यंत तिसरा. दाखला तहसीलचा, सेतूत मिळतो.

या वेळी आयडी मिळाला की मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि एक झेरॉक्स बावड्याच्या बाहेर, माहेरी ठेवा, माळ्यावर नको.